लेबलावरचं मीठ

श्रीगोंदा तालुक्यात लिंबाला भाव असला की लिंबू राजा, आणि भाव पडला की त्याला बांधावर ओतायला मजूर लावायचं. नव्वदच्या दशकात दोन वर्षं लागोपाठ असंच झालं. काष्टीच्या बाजारात पोती तशीच पडून राहायची आणि संध्याकाळी गुरं त्यांचा वास घेऊन पुढे जायची. तेव्हा गावच्या महिला मंडळाने ठरवलं, की आपण लिंबाचं सरबत बाटलीत भरून विकायचं. आता हे 'मंडळाने ठरवलं' मी रीतीप्रमाणे लिहिते आहे. ठरवलं मी. मी मंडळाची चिटणीस होते, बारावी झालेली होते, आणि बाकीच्या जणी हो म्हणेपर्यंत मी गप्प बसायची नाही.

आमच्या अध्यक्षीणबाई गावातल्या मोठ्या बागायतदाराच्या घरच्या. लिंबं त्यांची, पत्र्याची शेड त्यांची, आणि आवाजही त्यांचाच सगळ्यांत मोठा. बाकी मंडळात सगळ्या प्रकारच्या बाया होत्या. चार जणी आमच्या बौद्ध वस्तीतल्या, दोघी मुसलमान घरातल्या, बाकी मराठा आणि माळी. माझी थोरली जाऊसुद्धा होती. तिला मी अक्का म्हणायचे. अक्काला लहानपणापासून दमा, त्यामुळे तिला शेडच्या बाहेर झाडाखाली लिंबं निवडायला आणि धुवायला बसवायचो. आतल्या शेगडीचा धूर तिला सोसायचा नाही. सरबतही ती कधी प्यायची नाही. दम्याच्या माणसाने आंबट खाऊ नये, असं तिला माहेरापासून बजावलेलं होतं.

सरबत कसं टिकवायचं ते शिकवायला कृषी विद्यापीठातून एक बाई आल्या होत्या. आठ दिवस ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये शिबिर चाललं. रस किती, साखर किती, पाक कुठवर न्यायचा, बाटल्या कशा उकळायच्या, सगळं त्यांनी करून दाखवलं. शेवटच्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक छोटा डबा काढला. आत पांढरी पावडर होती. झाकण उघडलं तसा आगपेटीची काडी ओढल्यावर येतो तसला वास नाकात गेला आणि पुढच्या रांगेतल्या दोघी खोकल्या. त्या पावडरीचं नाव होतं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. बाईंनी ते फळ्यावर लिहिलं आणि खाली मराठीत लिहिलं, परिरक्षक. त्यावर हॉलमध्ये जो हशा झाला तो अजून माझ्या कानात आहे. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "ह्यो तर पोलीस खात्यातला मानूस वाटतोय."

कोणीतरी विचारलं, बाई, हे आहे तरी काय? त्या म्हणाल्या, रसायनशास्त्राच्या भाषेत हा एक क्षार आहे. क्षार म्हणजे मीठच ना, असं मी विचारलं, कारण मला शास्त्र येतं हे सगळ्यांना कळायला हवं होतं. बाई म्हणाल्या, "एका अर्थी मीठच." बस्स. त्यातलं 'एका अर्थी' हॉलच्या दारातून बाहेर आलंच नाही. त्या दिवसापासून मंडळात त्या पावडरीचं नाव 'टिकवणीचं मीठ' पडलं. लिटरला चिमटीपेक्षा कमी टाकायचं, आधी वाटीभर रसात विरघळून घ्यायचं, हे सगळं आम्ही अगदी काटेकोर पाळलं. त्यात आमची कधी चूक झाली नाही. चूक झाली ती लेबलात, आणि लेबल मी लिहिलं.

शिबिरातल्या बाईंनी लेबलावर काय काय लिहायचं तेही सांगितलं होतं. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात आहे: 'यात परवानगी असलेला परिरक्षक वापरला आहे, असे छापावे.' पण श्रीगोंद्याच्या छापखान्यात लेबलाचा मजकूर द्यायची वेळ आली तेव्हा अध्यक्षीणबाईंनी अट घातली, की वर मोठ्या अक्षरात 'उपवासाला चालते' पाहिजे. त्यांचं बरोबर होतं. आमच्या घरी एकादशीचा काही संबंध नव्हता, पण गावात उन्हाळ्यात सरबत खपणार ते उपवासाच्या बायांमध्येच, हे मलाही कळत होतं. मग उपवासाला चालते असं वर लिहायचं आणि खाली पोलीस खात्यातला माणूस उभा करायचा, हे कसं जमावं?

"टिकवणीचं मीठ असं लिही," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

मी तसं लिहिलं. छापखानेवाल्याने चौकट मोजली आणि म्हणाला, ओळ मोठी होते. मी पेन घेतलं आणि 'टिकवणीचं' वर काट मारली. पुढे कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत आले, की चौकटीत जागा नव्हती. जागा होती. 'साखर' आणि 'पाणी' एका ओळीत आणलं असतं तर सहज बसलं असतं. मला ते नुसतं 'मीठ' दिसायला आवडलं, हे खरं कारण. लिंबाचा रस, साखर, पाणी, मीठ. वाचताना कसं स्वच्छ वाटत होतं. माझ्या मराठीवर मी खूश झाले आणि घरी येताना बसमध्ये ते लेबल चार वेळा काढून वाचलं.

सरबत मात्र झकास झालं होतं, हे कोणी नाकारू नये. रंग फिका, लिंबाचा वास ताजा, दोन महिने ठेवलं तरी काळं पडायचं नाही. किराणा दुकानांनी घेतलं, एसटी स्टँडजवळच्या थंड पेयवाल्याने घेतलं, आणि बाजाराच्या दिवशी आम्ही स्वतः टेबल लावून विकायला बसलो. माझ्या सासूबाईंना ज्या ओट्यांखाली उभं राहून ओंजळीत वरून पाणी घ्यावं लागायचं, त्या घरांमध्ये पाहुण्यांपुढे आमच्या हातचं सरबत काचेच्या ग्लासातून जायला लागलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याचा मला किती आनंद झाला होता ते सांगून कळायचं नाही. मी उगाच एखाद्या घरी काम काढून जायची, आणि सरबत पुढे आलं की अगदी सावकाश प्यायची.

अशाच एका बाजाराच्या दिवशी कोल्हारकडचा एक शेतकरी टेबलापाशी आला. ऊस ओढायला खिलार बैल घ्यायला तो एवढ्या लांब काष्टीला आला होता आणि नुकताच सौदा करून खुशीत होता. दोन्ही बैल मागे उभे होते, एकाच्या कपाळावर काळा ठिपका. त्याने एक ग्लास पिऊन बघितला आणि म्हणाला, "बाई, आमच्या आईला दमा हाय. बाजारचं कायबी खाल्लं की तिला सोसत न्हाई. ह्यात काय औषध-बिवषध न्हाई ना?"

मी बाटली उचलून लेबलावर बोट ठेवलं. "वाचा की. लिंबू, साखर, पाणी, मीठ. घरच्यासारखं आहे. बिनधास्त न्या."

त्याने चार बाटल्या नेल्या.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी शिबिरातल्या बाई एका साहेबाला घेऊन आमची शेड बघायला आल्या. फोटो काढायचा ठरला, सगळ्या जणी हातात सरबताचा ग्लास धरून. अक्का मागे उभी राहिली. मी तिला ओढून पुढे आणलं आणि म्हणाले, "नुसता ग्लास धरू नका अक्का, प्या. आपल्या हातचं आपणच पीत नाही असं दिसेल." अक्का माझं ऐकायची. थोरली असून ऐकायची, कारण मी शिकलेली. तिने घोट घेतला, तिला आवडलं, आणि फोटो होईपर्यंत तिने सगळा ग्लास संपवला.

साहेबाची जीप फाट्याला लागते न लागते तोच अक्काची छाती वाजायला लागली. दाराच्या फटीतून वारं जावं तशी शिट्टी तिच्या घशातून येत होती. तिला तिच्या नेहमीच्या पद्धतीने बसवलं, पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर. गावातल्या डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं तेव्हा कुठे तासाभराने श्वास जागेवर आला. घरी सासूबाईंनी मला सुनावलं, आंबट पाजलंस ना. अध्यक्षीणबाईंचं म्हणणं पडलं, बर्फ बाधला. मला दोन्ही पटत नव्हतं. आंबटाने दमा होतो ही जुनी समजूत आहे, असं मी कुठेतरी वाचलं होतं, आणि वाचलेलं सिद्ध करून दाखवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

म्हणून मी काय केलं, तर आठ दिवसांनी अक्काला झाडावरचं लिंबू पिळून सरबत दिलं. काही झालं नाही. मी जिंकले. दुसऱ्या दिवशी लिंबाचं लोणचं दिलं. काही झालं नाही. मग तिसऱ्या दिवशी, बर्फाचा संशयही कायमचा मिटवावा म्हणून, मी तिला आमच्या बाटलीतलं सरबत माठाच्या पाण्यात करून दिलं. अक्का म्हणाली, "नगं गं, परत काय झालं तर?" मी म्हणाले, "काही होत नाही. लिंबू तेच आहे." माझ्या आयुष्यात मी इतक्या खात्रीने दुसरं कुठलंही वाक्य बोलले नसेन.

त्या दुपारी अक्काचे ओठ निळे पडले. बैलगाडी जुंपायला वेळ नव्हता, दिराने तिला मोटारसायकलवर मध्ये बसवलं आणि मी मागून धरून बसले. दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, आणि दर दोन मिनिटांनी तिच्या पाठीला नळी लावून ऐकत राहिले. मी भिंतीला टेकून उभी होते. तिला काही झालं तर घरी कोणत्या तोंडाने जायचं, एवढाच विचार डोक्यात होता.

श्वास मोकळा झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? मी सांगितलं. त्यांनी बाटली मागवून घेतली. लेबल वाचलं, मग बूच काढून वास घेतला, आणि माझ्याकडे बघितलं.

"हे मीठ म्हणजे कसलं मीठ?"

"टिकवणीचं," मी म्हणाले.

"त्याचं नाव काय?"

मी नाव सांगितलं. पूर्ण आणि अचूक सांगितलं, कारण मला ते पाठ होतं. डॉक्टरांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, थोडा वेळ चाळलं आणि मिटलं. मग मला समजेल असं सांगितलं. या पावडरीतून गंधकाचा वायू सुटतो. चांगल्या माणसाला एवढ्याने काही होत नाही. पण दम्याच्या काही रोग्यांच्या श्वासनळ्या त्या वायूने तिथल्या तिथे आवळतात, आणि अशी माणसं कधीकधी दगावतात. "टाकायला कायद्याने परवानगी आहे," ते म्हणाले. "पण ती आहे हे लिहिलेलं पाहिजे. म्हणजे ज्याला चालत नाही तो पिणार नाही. मी स्वतः हे लेबल वाचलं असतं तर माझ्या रोग्याला म्हणालो असतो, प्या."

ते हे सांगत असताना माझ्या डोळ्यांपुढे अक्का नव्हतीच. कपाळावर काळा ठिपका असलेला बैल होता, आणि त्याच्यापुढे चार बाटल्या काखेत मारून उभा असलेला तो माणूस. त्याने मला सरळ विचारलं होतं आणि मी त्याला बोट ठेवून दाखवलं होतं. आता त्या म्हातारीपर्यंत पोचायचं होतं, आणि ती जिवंत असेपर्यंत पोचायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक बोलावली. मी सांगितलं, सगळ्या बाटल्या परत आणायच्या. दुकानातल्या, घराघरातल्या, सगळ्या. अध्यक्षीणबाई भडकल्या.

"एकीला झालं म्हणून समद्या गावाला सांगत फिरायचं व्हय? लोक म्हनतील बायांनी इख पाजलं. उद्या पानीबी घ्यायचे न्हाईत आपल्या हातचं."

"तुमच्या हातचं घेतील," मी म्हणाले. "आमच्या चौघींच्या हातचं घ्यायचे नाहीत. तरी मी म्हणते आहे ना?"

असं उघड बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. अध्यक्षीणबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "बरं. सांगायचं तर बाजारात सांगू. घरोघर फिरून कुजबुज नगं."

काष्टीच्या बाजारात जनावर हरवलं, पाकीट सापडलं असलं काही सांगायला एक भोंगा असतो. त्या आठवड्याच्या बाजारात मी माइक हातात घेतला. रात्रभर मी शब्दाचा विचार केला होता. मीठ म्हणायचं नाही, हे पक्कं होतं. परिरक्षक म्हटलं तर लोक हसणार. मग लोकांना समजेल असा शब्द मी निवडला आणि खणखणीत आवाजात सांगितलं:

"ऐका हो ऐका. महिला मंडळाच्या लिंबू सरबतात औषध आहे. ते आम्ही लेबलावर लिहिलं नव्हतं. ज्यांनी ज्यांनी बाटल्या नेल्या असतील त्यांनी परत आणून द्याव्यात."

आता आमच्याकडे 'औषध' म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात नांदणाऱ्या बाईने विसरावं? कपाशीवर मारतात ते औषध. अमक्याने औषध घेतलं म्हटलं की लोक रडायला जातात. मी वाक्य संपवलं आणि सगळा बाजार जागच्या जागी थांबला. मग एकच गलका उठला. थंड पेयवाल्याच्या दुकानासमोर बसलेला एक व्यापारी हातातला ग्लास टाकून पोट धरून खालीच बसला आणि घशात बोटं घालायला लागला. एक बाई लेकराला उराशी धरून दवाखान्याकडे धावत सुटली. कोणीतरी ओरडलं, "धरा त्या बायांना!" मी माइकमध्ये नाही हो, तसलं नाही, असं म्हणत होते, पण माझं शुद्ध मराठी त्या आरड्याओरड्यात कोण ऐकतो?

माइक माझ्या हातातून हिसकावला गेला. बघते तर अध्यक्षीणबाई. त्या टेबलावर चढल्या होत्या.

"ए गप ऱ्हावा!" त्या गरजल्या, आणि बाजार खरंच गप्प झाला. "फवारायचं औषध न्हाई. सरबत नासू नये म्हनून पावडर टाकतो आमी. मीबी पिते, माझी नातवंडंबी पित्यात, कायबी हुत न्हाई. पन ज्याला दमा हाय, ज्याची छाती भरती, त्याला ही पावडर सोसत न्हाई. त्याचा जीव जाईल. आमी ते लिवलं न्हाई, आमचं चुकलं. घरात दम्याचं मानूस असंल तर बाटली मोरीत वता. नसंल तरी परत आना, नवं लेबल लावून देऊ. समजलं का समद्यांला?"

समजलं. चिटणीसबाईंना जे अख्ख्या रात्रीत सुचलं नव्हतं ते सातवीत शाळा सोडलेल्या बाईने टेबलावर उभं राहून एका दमात सांगितलं. उतरल्यावर त्या मला म्हणाल्या, "चिटणीसबाई, तुमी लिवत जा. बोलायचं माज्यावर सोडा." मी मान डोलावली. पोट धरून बसलेला व्यापारी उठला, त्याने अंगावरची धूळ झटकली आणि सरबताचा दुसरा ग्लास मागवला.

त्या दिवशी आणि पुढचे चार दिवस बाटल्या येत राहिल्या. अर्ध्या भरलेल्या, न फोडलेल्या, काही तर नुसत्या रिकाम्या धुऊन आणलेल्या. दोन घरांतून बाया आल्या आणि म्हणाल्या, आमच्या म्हाताऱ्याला मध्ये लई दम लागला हुता, ते ह्यानंच का? आम्ही हो म्हणालो. एकीनेही शिव्या दिल्या नाहीत. आणि कोणाच्या हातचं, हा विषयच निघाला नाही. मी त्याची वाट बघत बसले होते, पण निघाला नाही.

कोल्हारच्या माणसाचं मात्र नाव मला माहीत नव्हतं. बाजार समितीच्या नाक्यावर गेले. जनावर विकलं की तिथे पावती फाडतात, आणि त्या पावतीवर माणसाच्या नावाआधी जनावराची खूण लिहितात. मी कारकुनाला माणसाचं वर्णन सांगायला लागले, तसा तो म्हणाला, "मानूस राहू द्या, बैल सांगा." मी सांगितलं, खिलार जोडी, एकाच्या कपाळावर काळा ठिपका. त्याने दहा मिनिटांत पावती काढून दिली.

अक्का म्हणाली, मीपण येते. मी नको म्हणाले, प्रवास सोसायचा नाही. ती म्हणाली, "तुला दमा कळतो का? मला कळतो." सकाळच्या बसने आम्ही नगरला गेलो, तिथून मनमाड रस्त्याची बस धरली आणि दुपारी कोल्हारला प्रवरेच्या पुलाजवळ उतरलो. चहाच्या टपरीवर पावतीवरचं नाव विचारलं, पण त्या नावाची तिथे तीन माणसं निघाली. मग मी विचारलं, काष्टीहून खिलार जोडी कोणी आणली. टपरीवाल्याने लगेच रस्ता दाखवला. उसातून मैलभर चाललो. अक्का मध्ये मध्ये थांबत होती आणि मी तिच्यापेक्षा जास्त धापा टाकत होते, भीतीने.

वस्तीवर पोचलो तर पडवीत बाजेवर म्हातारी बसलेली दिसली. पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर. अक्का माझ्या कानात म्हणाली, "जिवंत हाय." मी तिथेच पायरीवर बसले.

मुलगा गोठ्यातून आला आणि मला ओळखून हसला. "सरबतवाल्या बाई! बरं झालं आला. म्या येनारच हुतो पुढच्या बाजाराला, आनखी बाटल्या न्यायला." मग तो सांगायला लागला. महिना होऊन गेला, आईला दिवसाआड दम लागत होता. डॉक्टर झाले, देवऋषी झाला. आधी भात बंद केला, मग दही, मग केळं, मग दूधसुद्धा. "आता कायच घेत न्हाई ती. नुसता भाकरीचा काला आन् तुमचं सरबत. तेवढंच घरगुती म्हनून देतो."

मी सांगितलं. या वेळी एकही शब्द सजवला नाही. पावडर काय असते, दम्याला काय करते, मी काय लिहिलं आणि काय खोडलं, सगळं सांगितलं. मुलाचा चेहरा बदलला. तो आत गेला, शेवटची उरलेली बाटली घेऊन आला आणि अंगणाच्या कडेला जाऊन त्याने ती उपडी केली. माझ्याकडे न बघता तो तिथेच उभा राहिला.

म्हातारी मात्र माझ्याकडेच बघत होती. एकेका शब्दाला दम घेत ती म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. म्हनून म्या दर बाटलीला सुनंकडून वाचून घेतलं. फोडायच्या आधी. लिंबू, साखर, पानी, मीठ. दर टायमाला वाचून घेतलं गं बाई. मग प्याले."

माझं चुकलं, असं मी म्हणाले असेन, पण ते तिला ऐकू गेलं की नाही कोणास ठाऊक. अक्का उठून बाजेवर तिच्या मागे बसली आणि तिची पाठ खालून वर चोळायला लागली, दम्याच्या माणसाची चोळतात तशी.

नवं लेबल मी लिहिलं आणि अध्यक्षीणबाईंनी ते दोनदा माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. 'उपवासाला चालते' काढून टाकलं आणि त्या जागी लिहिलं: 'हे सरबत टिकावे म्हणून यात गंधकाची पावडर घातली आहे. दमा असणाऱ्यांनी पिऊ नये.' छापखानेवाला म्हणाला, असलं लिहिल्यावर घेणार कोण? घेतलं लोकांनी. पहिल्यापेक्षा थोडं कमी, पण घेतलं. पुढची सहा वर्षं आमचं सरबत त्याच लेबलाने विकलं गेलं.

लेबल छापून आलं त्याच आठवड्यात कोल्हारचा तो शेतकरी बाजारात आला. बैल घ्यायचे नव्हते, काही विकायचंही नव्हतं. टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, आईला आता बरं आहे, दही-भात खाते, परवा नदीपर्यंत चालत जाऊन आली. मी खुर्ची पुढे केली तर बसला नाही.

"आईनं एक मागितलंय तुमच्याकडं," तो म्हणाला.

मी घाईने म्हणाले, "अहो, सरबत त्यांना चालायचं नाही."

"बाटली नगं. नवं लेबल तेवढं द्या. सुनंकडून वाचून घ्यायचंय म्हनली."